लाटसाहेबांचं न फोडलेलं पत्र

१

रुमाल जागच्या जागी होता. लाल फीत होती, आतले एकशे बारा कागदही होते. नव्हतं ते फक्त पत्र. निळं, अंतर्देशीय, सतरा वर्षांत एकदाही न फोडलेलं.

आता एका पत्रासाठी कुणी साताऱ्याहून माणूस बोलावेल का? पण बोलावणारे हंबीरराव थोरवत होते. शिराळ्याच्या वेशीबाहेर त्यांचा बंगला. कधीकाळी ते पूर्वेकडच्या एका राज्याचे राज्यपाल होते आणि गावानं तेव्हा त्यांना जे 'लाटसाहेब' म्हणायला सुरुवात केली ते पद गेल्यावरही थांबवलं नाही. वय सत्त्याऐंशी. डोळ्यांना समोरच्या माणसाची नुसती आकृती दिसायची, अक्षर तर दोन वर्षांपासून दिसतच नव्हतं.

नागपंचमीच्या संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"पद्माताई, पत्र गेलं. दुपारी तीनला गाठी चाचपल्या तेव्हा होत्या, चारला रुमाल सुटलेला."

पद्माताई काण्यांनी हातातली वाटी ओट्यावर ठेवली. 'कुठलं पत्र' असं त्यांनी विचारलं नाही. चौतीस वर्षं त्यांनी साताऱ्याच्या कोर्टात रेकॉर्ड सांभाळलं होतं. निवृत्त झाल्या तरी लोक पिच्छा सोडेनात. कुणाचं मृत्युपत्र सापडत नाही, कुणाच्या फेरफाराची नक्कल गायब, आणि एकदा तर एका गृहस्थांची चक्क सून हरवली होती. तीही पद्माताईंनी दोन दिवसांत वाईला मावशीच्या घरून शोधून काढली. "मी काय पोलीस आहे का हो?" असं करवादायचं आणि मग मुकाट्यानं पिशवी उचलायची, ही त्यांची रीत.

सहा महिन्यांपूर्वी लाटसाहेबांचे कागद लावून द्यायला त्या आठ दिवस शिराळ्याला राहून आल्या होत्या. कचेरीत ज्या कापडात कागद बांधतात त्याला रुमाल म्हणतात. असे चाळीस रुमाल निघाले. सगळ्यात लहान रुमालाला पद्माताईंनी हात घातला तेव्हा म्हातारा म्हणाला होता, "तो सोडू नका. त्या गाठी माझ्या हातच्या आहेत. आत काय आहे ते सांगतो, यादीत लिहून घ्या." आणि सगळे कागद तारखांसकट त्यांनी तोंडपाठ सांगितले होते. शेवटचा होता, 'एक पत्र, न फोडलेलं'.

"उद्या माझा वाढदिवस," लाटसाहेब फोनवर म्हणाले. "उद्याच ते वाचून घ्यायचं होतं. पद्माताई, मी त्या पत्रासाठीच थांबलोय हो. नाहीतर आता माझं इथं काय काम आहे?"

पद्माताईंना वाईट वाटलं. "सकाळच्या पहिल्या गाडीनं येते," त्या म्हणाल्या. "तोवर त्या टेबलाला कुणाला हात लावू देऊ नका."

२

कऱ्हाडला गाडी बदलून, पेठनाक्यावर तासभर ताटकळून पद्माताई पोचल्या तेव्हा साडेनऊ वाजले होते. लाटसाहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, धोतर कडक इस्त्रीचं, आणि चेहरा मात्र पार उतरलेला.

"त्या पत्राची गोष्ट तुम्हाला मी कधी पुरती सांगितली नाही," ते म्हणाले. "बसा."

पद्माताई बसल्या. बाकीचं आयुष्य त्यांना कागदांवरून पाठच होतं. बाप प्राथमिक शिक्षक. मुलगा वकील झाला. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा एकोणतीस वर्षांचा हा वकील कोयनानगरला जाऊन आठवडाभर ढिगारे उपसत होता. तिथनं तो लोकांच्या नजरेत भरला. मग पंचायत समिती, आमदारकी, पुनर्वसन खात्याचं मंत्रिपद, आणि उतारवयात राज्यपालपद. एवढ्या वर्षांत एक पैशाचा डाग नाही. विरोधकसुद्धा एवढं कबूल करायचे, अर्थात चिडून.

"माझ्या राज्यात एक आप्पासो नावाचा गलाईवाला तुरुंगात होता," लाटसाहेब सांगू लागले. "आपल्या खानापूर तालुक्यातला. आपली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात कुठंकुठं जाऊन बसलीत ते तुम्हाला माहीतच आहे. नागपंचमीच्या दिवशी त्याच्या मालकाचा खून झाला. आप्पासो म्हणत होता, मी त्या दिवशी गावी होतो. पण असं सगळेच म्हणतात. गावी असल्याचा पुरावा काही नव्हता. जन्मठेप झाली. शिक्षा माफ करा म्हणून अर्ज माझ्यापुढं आला."

"आणि त्या अर्जाबरोबर पत्र होतं."

"सेक्रेटरी म्हणाला, सर, हे तुमच्या भाषेत आहे, तुमच्या नावावर आलंय. पाठीमागं पाठवणाऱ्याचं नाव होतं, तानुबाई. त्याची बहीण. मी पत्र हातात घेतलं. फोडलं नाही." म्हाताऱ्यानं खुर्चीची कड चाचपली. "मला भीती वाटली, पद्माताई. वाचलं तर मी विरघळेन, आणि लोक म्हणतील, बघा, लाटसाहेबानं आपल्या जिल्ह्याचा माणूस सोडला. माझ्या नावाला डाग नको होता. मी अर्ज फेटाळला. एवढं मात्र केलं, खटपट करून त्याला कोल्हापूरच्या तुरुंगात हलवायला लावलं. ते कुणाला कळूही दिलं नाही. सव्वा वर्षात तो आजारानं गेला."

"त्या बहिणीला शोधलं नाहीत?"

"तीनदा माणूस पाठवला. आई वारली, मुलगी लग्न होऊन गेली, कुठं ते ठाऊक नाही. घराला कुलूप. त्या पत्रात काय असेल, हे सतरा वर्षं मला खातंय. ते हातात घेतलं तेव्हा आत काहीतरी जाड लागलं होतं." त्यांनी बोटं चोळली, जणू अजून लागत होतं. "मला ते ऐकायचंय. काय असेल ते असू दे. ऐकल्याशिवाय मला मरायचं नाही."

पद्माताई उठल्या आणि आतल्या खोलीत गेल्या. टेबलावर रुमाल पसरलेला होता. त्यांनी फीत उचलून उजेडात धरली. कुठं काप नव्हता, कुठं तुटलेली नव्हती. सात जागी मुरड पडली होती, म्हणजे सात गाठी. सगळ्या एकेक करून सोडवलेल्या. सतरा वर्षांच्या, दगड झालेल्या गाठी! सोडवायला पाव तास तरी लागला असणार.

आणि फितीपासून वीतभर अंतरावर, टेबलावरच, लखलखीत कात्री पडली होती.

३

"यात डोकं लावण्यासारखं हायच काय, ताई?" जयराज म्हणाला. लाटसाहेबांचा हा पुतण्या, पंचेचाळिशीचा, पांढरा शर्ट, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीला उभा राहायच्या तयारीत. "गाठ कापली न्हाई, सोडली. म्हंजे गाठीबिठी ज्याला कळत्यात त्यानं. हितं फायली कोण बांधतं? देवदत्त. बाराला मी पोलिसांत जाणार. काकांनी थांब म्हटलं म्हणून थांबलोय."

"काल दुपारी तीन ते चार तुम्ही कुठं होता?"

"मिरवणुकीत. मधी एकदा गाडीची चावी न्यायला आलो होतो, दहा-वीस मिनटं. आता म्हणाल मलाच पत्र नको होतं. खरंय, नकोच होतं! निवडणूक तोंडावर, आन् चुलता पुस्तकात लिहितोय की मी अन्याय केला. लोक काय म्हणतील? पण मला घ्यायचं असतं तर खसकन फीत कापली असती की. काल सकाळीच कात्री चालवली मी. आमच्या मंडळाच्या रुग्णवाहिकेची फीत कापली."

"पंचमीच्या दिवशी?"

"आवं, पाहुण्यांना सवड तवाच होती!" जयराज ओशाळला. "बायका कुजबुजत होत्याच म्हणा."

देवदत्त सांगलीचा. आधी वर्तमानपत्रात होता, आता दोन वर्षं लाटसाहेबांचं आत्मचरित्र लिहून घेत होता. विचारण्याची वाट न बघताच तो म्हणाला, "काल मी मागच्या खोलीत टाइप करत होतो, एकटा. साक्षीदार कुणी नाही. मावशी, माझ्यावर पोलीस केस झाली तर मला पुन्हा कुणी काम देणार नाही हो."

"पत्राचं प्रकरण तुला त्यांनी कधी सांगितलं?"

"पंधरा दिवसांपूर्वी. तीन दिवस सांगत होते. तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं, स्वयंपाकाच्या मनुबाई तेवढ्या चहा घेऊन ये-जा करायच्या. त्यांची नात शिवांजली पाचगणीला होती. आप्पासोला कोल्हापूरला हलवल्याचं सांगितलं ना, त्या दिवशी लाटसाहेबांना रडू आलं. चहासुद्धा गार आला त्या दिवशी, एरवी मनुबाईंचा चहा म्हणजे जीभ भाजतो." तो बोलता बोलता अंगठ्याचं नख कुरतडत होता. कुरतडायला तिथं काही उरलं नव्हतं, दहाही बोटांची नखं मुळापर्यंत गेली होती.

"हात बघू," पद्माताई म्हणाल्या आणि पिशवीतून सुतळीचा तुकडा काढून त्याला एक करकचून गाठ मारून दिली. "सोडव."

देवदत्तानं पाच मिनिटं झटापट केली. शेवटी दात लावायला गेला तेव्हा पद्माताईंनी सुतळी काढून घेतली. "राहू दे. तुझं काम नव्हे हे. जेवलास का सकाळी काही?"

"कसलं जेवण. परवाचीच साबुदाण्याची खिचडी शेवटची नीट खाल्ली. मनुबाईंचा उपास होता, त्यांनी मलाही वाढली. कालपासून घास उतरत नाही."

नात शिवांजली मात्र निवांत होती. पाचगणीच्या एका बोर्डिंग शाळेत शिकवणारी, आजोबांच्या वाढदिवसाला आलेली. "कात्री मीच तिथं ठेवली. काल सकाळी प्रेसमधून मुखपृष्ठाचं पार्सल आलं, ते कापलं. काय बोलणी खाल्ली सांगू! मनुबाई हातातली पळी घेऊन धावल्या. आज कापायचं न्हाई, चिरायचं न्हाई, तवा चुलीवर ठेवायचा न्हाई, लेकीबाळींना काही कळतं का न्हाई! आबासुद्धा हसले."

"त्या कधीपासून आहेत इथं?"

"सहा वर्षं. आबांचं त्यांच्यावाचून पान हलत नाही. आबा रोज ताटावर बसले की आधी विचारणार, 'मनुबाई, जेवलात का?' आणि त्यांचं ताट समोर वाढून आल्याशिवाय घास घेणार नाहीत. बिचाऱ्यांना दुसरं आहे कोण? नवरा गेला, माहेरचं कुणी नाही, भाऊ-बहीण नाही. सणालासुद्धा कुठं जात नाहीत."

पद्माताईंनी चष्मा काढून पुसला. स्वच्छच होता, तरी पुसला. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

४

बाहेर जयराज मोबाइलवर कुणाला तरी 'फौजदार साहेब' म्हणत होता. पद्माताई व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या आणि फीत मांडीवर घेऊन विचार करू लागल्या.

चोराला घाई असते. पकडले जायची धास्ती असते. हाताशी कात्री असताना जो पाव तास गाठी सोडवत बसतो, त्याला कात्री दिसली नाही म्हणावं तर ती डोळ्यांसमोर. मग त्यानं ती घेतली नाही. का नाही घेतली? चोरी करायची चालते आणि कापायचं चालत नाही, असा कसला हा चोर?

त्यांनी फीत नाकाशी नेली. कळलंच नसतं, पण मुरडीच्या जागी पुसट वास होता. तुपाचा. गाठीला तूप चोळलं की ती सैल पडते, हे लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला बांधलेले दादरे सोडणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

जयराजनं पंचमीला फीत कापली होती. शिवांजलीनं पार्सल कापलं होतं. देवदत्ताला नखंच नव्हती. राहिली कोण?

आणि परवाचा उपास! पंचमीच्या आदल्या दिवशी बायका उपास धरतात तो भावासाठी. पद्माताईंनी स्वतः बेचाळीस वर्षं धरला होता, नाना गेला त्या वर्षीपर्यंत. जिला भाऊ नाही तिनं तो कुणासाठी धरायचा?

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उठल्या आणि स्वयंपाकघराकडे गेल्या. चोर सापडल्याचा आनंद वगैरे त्यांना काही होत नव्हता.

५

मनुबाई विळीवर भोपळा चिरत होत्या. चाळिशी ओलांडलेली, सडसडीत बाई, हात भराभर चालणारे. कोपऱ्यात पाटावर हळद-चंदनानं काढलेला नागोबा तसाच होता, पुढं लाह्या आणि दुधाची वाटी.

"आज चिरायला हरकत नाही ना?" पद्माताईंनी विचारलं.

"न्हाई ताई, पंचमी झाली की काल. च्या ठिवू?"

"नको. मनुबाई, परवा उपास कुणासाठी धरला होतात?"

विळीवरचा हात थांबला. "नागोबासाठी. जिला भाऊ न्हाई तिचा नागोबा भाऊ."

"खरंय. आमच्याकडेही म्हणतात तसं. पण ज्याच्याकरता उपास धरला त्याच्याच दिवशी चोरी करायची आणि तरी कात्रीला हात लावायचा नाही, एवढा कडक नेम नागोबासाठी कुणी पाळत नाही. सख्ख्या भावासाठी पाळतात. त्याला काही लागू नये म्हणून." पद्माताई पाटाशेजारी खाली बसल्या. "सासरी नाव मनुबाई ठेवलं. माहेरचं काय? तानुबाई?"

बाईनं विळी मिटली. डोळे भरले, पण खाली काही सांडलं नाही.

"पाटाखाली आहे ना? काल या पाटाला कुणी हात लावणार नव्हतं. आज उचलायचा, म्हणून सकाळपासून तुम्ही स्वयंपाकघर सोडलेलं नाही."

मनुबाईंनी पाट अल्लद तिरपा केला. खाली निळं पत्र होतं. कडा पिवळ्या पडलेल्या, पण डिंक शाबूत. फोडलेलं नव्हतं.

"मला धरून द्या ताई," त्या म्हणाल्या. "त्या सांगलीच्या पोराचं नाव आलं ते मला ठावं नव्हतं, आत्ता सकाळी कळलं. मी सांगणारच हुती. पर ह्ये पत्र तेवढं चुलीत घालू द्या."

"का? तुमचंच पत्र आहे."

"म्हणूनच. त्यात काय हाय त्ये मला ठावं हाय. सायबांस्नी सोसायचं न्हाई."

"मग इथं आलात कशाला?"

"इचारायला!" आवाज एकदम चढला आणि तसाच खाली आला. "तोंडावर इचारायला, की बाबा, वाचलं का न्हाई माजं पत्र? वाचून फेकलं असलं तर तुजं वाटुळं हू दे. एवढ्यासाठी आले हुते. पर इचारायचं धाडसच हुईना. रोज म्हनायचं उद्या इचारू, आन् रोज ह्यो म्हातारा इचारनार, जेवलात का. सहा वरसं. माज्या नवऱ्यानं बी कदी इचारलं न्हवतं, ताई." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "पंदरा दिवसांमागं च्या घेऊन गेले तवा कळलं. वाचलंच न्हाई. आन् मग कळलं की आप्पाला कोल्लापुराला आनलं त्ये ह्यांनीच. आमी समजत हुतो नशिबानं आला. अकरा येळा भेटले मी आप्पाला. शेवटी तोंडात पानी घातलं माज्या हातानं. त्ये ह्यांच्यामुळं, आन् मला ठावंच नव्हतं."

भोपळ्याच्या फोडी विळीशेजारी तशाच पडल्या होत्या.

"पण ते सतरा वर्षं त्या पत्रात काय असेल म्हणून झुरतायत," पद्माताई म्हणाल्या. "जाळलंत तर मरेपर्यंत झुरतील. मी हे पत्र कुणाला द्यायचं ते सांगणार नाही. ते तुमचं आहे. लिहिलंय तुम्ही. तुम्हीच ठरवा."

व्हरांड्यातून जयराजचा आवाज आला, "काका, बारा वाजत आले. मी निघू का?"

मनुबाई उठल्या. पत्र पदराखाली धरलं आणि म्हणाल्या, "चला."

६

सगळे व्हरांड्यात जमले होते. मनुबाईंनी सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, चोरी कुणी केली ते आणि आपण कोण ते. जयराजनं तोंड उघडलं आणि शिवांजलीनं त्याच्या दंडावर हात ठेवल्यावर मिटलं. देवदत्त खांबाला टेकला आणि त्यानं मोठा श्वास सोडला.

लाटसाहेबांनी मान आवाजाच्या दिशेनं वळवली.

"सहा वर्षं," ते म्हणाले. "तुझ्या हातचं जेवलो."

"व्हय सायेब."

"पत्र आणलंस?"

"आनलंय."

"देवदत्त नको. तूच वाच. तुझं आहे."

पद्माताईंनी टेबलावरची कात्री आणून दिली. मनुबाईंनी ती एकदा निरखली, मग पत्राच्या तीन कडा सावकाश कापल्या. पद्माताई त्यांच्या खांद्यामागं उभ्या होत्या. चष्मा त्यांच्या हातात होता आणि चष्म्याशिवाय त्यांना निळ्यावरची निळी अक्षरं दिसत नव्हती.

मनुबाई वाचू लागल्या. आवाज संथ होता, शाळेत धडा वाचावा तसा.

"लाटसाहेबांस तानुबाईचा नमस्कार. आमी तुमच्याच मुलखातली माणसं. कोर्टानं शिक्षा दिली ती दिली, त्यावर आमी बोलत न्हाई. आमाला माफी नको. एवढंच करा, माज्या भावाला हिकडच्या तुरुंगात आणा. आई म्हातारी हाय, तिला आन् मला त्याचं तोंड बघू द्या. दुसरं कायबी मागणं न्हाई."

वाऱ्यानं अंगणातल्या झोक्याची दोरी हलली. मनुबाईंनी पत्र मिटलं.

"एवढंच?" लाटसाहेबांनी विचारलं.

"एवढंच, सायेब."

"मग..." म्हातारा खुर्चीत पुढं सरला. "मग ते मी दिलं होतं की गं. न वाचता दिलं होतं."

"व्हय सायेब. दिलं हुतं तुमी."

हंबीरराव थोरवतांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. शिवांजली त्यांच्या पायाशी बसली. जयराजनं फोन खिशात टाकला आणि तो उगीचच अंगणाकडे बघत राहिला.

तेव्हाच मिटलेल्या पत्रातून घडी केलेला एक कागद खाली पडला.

"काय पडलं?" लाटसाहेबांच्या कानांना सगळं ऐकू यायचं. "आत काहीतरी जाड होतं, मी म्हटलं होतं. काय आहे ते?"

पद्माताईंनी वाकून कागद उचलला आणि चष्मा चढवला. अंतर्देशीय पत्रात आणखी कागद घालायचा नसतो, टपाल खात्याचा नियम आहे. पण गावाकडच्या पोरीला कुठला नियम ठाऊक! कागद सरकारी दवाखान्याचा होता. 'आप्पासो. झोक्यावरून पडला. हनुवटीला चार टाके.' खाली डॉक्टरांची सही, दवाखान्याचा शिक्का आणि तारीख.

ती तारीख पद्माताईंनी सहा महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं यादीत लिहिली होती. खुनाची तारीख.

मनुबाईंच्या बोटांतून पत्र उघडं पडलं होतं. आता सगळ्या ओळी दिसत होत्या. पहिली होती, 'माझा भाऊ त्या पंचमीला माझ्याजवळ होता, दवाखान्याचा कागद आत्ता सापडला, तो सोबत पाठवते आहे.' तुरुंग बदलायची गोष्ट त्या पत्रात कुठंच नव्हती. हा कागद त्या वेळी कुणी पाहिला असता तर आप्पासो सुटला असता.

पद्माताईंनी मनुबाईंकडे पाहिलं. त्या बाईनं हात जोडले नव्हते, पण नजर हात जोडलेल्यासारखीच होती.

चौतीस वर्षं. शेकडो लोकांनी गळ घातली, पैसे दाखवले, धमक्या दिल्या. एका कागदाबद्दल पद्मा काणे कधी खोटं बोलली नव्हती.

"नागोबाचं चित्र आहे, लाटसाहेब," त्या म्हणाल्या. "पंचमीला भिंतीला लावतात ते. शुभ म्हणून घातलं असेल पोरीनं."

"असं होय," लाटसाहेब म्हणाले. किती तरी दिवसांनी त्यांचा चेहरा सैल पडला.

देवदत्तानं हळूच विचारलं, "मावशी, शेवटच्या प्रकरणात काय लिहू?"

"जे वाचून दाखवलं ते लिही," पद्माताई म्हणाल्या. कागदाची घडी त्यांनी मनुबाईंच्या मुठीत दिली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली.

साडेबाराला पानं मांडली. भोपळ्याची भाजी, कालच्या पुरणाची दिंडं, वर तूप. जयराजनं देवदत्ताला स्वतःशेजारी बसवून घेतलं, माफी मागितली असं काही म्हणता येणार नाही, पण दिंडं आग्रहानं वाढली. लाटसाहेबांना शिवांजलीनं हाताला धरून आणलं. ते ताटावर बसले, हात धुतला आणि रोजच्यासारखे थांबले.

"तानुबाई," त्यांनी हाक मारली, "जेवलीस का गं?"

आई गेल्यापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. सकाळपासून आवरून धरलेली ती बाई वाढता वाढता तिथंच मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून हुंदके देऊ लागली. लाटसाहेब ताटाला हात न लावता वाट बघत राहिले, आणि पद्माताईंनी उठून तिचं ताट वाढायला घेतलं.